टायरवालीने लावलेला जॅक

हमरस्ता उतरून जिथे एकदम वळतो, तिथे टायरवालीचं दुकान. तसं दुकान नवऱ्याचं. पण तो मुलखाचा अबोल. गिऱ्हाईक ताटकळलं तरी "काय हवं" म्हणून विचारणार नाही. मग कारभार बायकोकडे आला, आणि तिच्या तोंडाचा पट्टा वळणापलीकडे ऐकू जाऊ लागला.

वळणावर अपघात ठरलेले. आणि घराचा नियमही ठरलेला: रस्त्याचं रस्त्यावर. मोठ्या भाऊजींनी एकदा एका जखमीला दवाखान्यात पोहोचवलं, तर पोलिसांनी त्यांनाच धारेवर धरलं. साक्षीच्या चकरा मारून बिचारे टेकीला आले. तेव्हापासून बाहेर धाडकन आवाज झाला की सासूबाई आधी शटर ओढायच्या. शटरातून कण्हणं मात्र ऐकू यायचंच. त्या दिवशी टायरवालीच्या घशाखाली घास उतरत नसे.

पुढे सरकारने वळणावर पट्टे मारले, कठडे बसवले आणि रस्त्याकडेच्या दुकानदारांना प्रथमोपचार शिकवायला एक बाई पाठवल्या. बाईंनी नवा नियमही सांगितला: मदत करणाऱ्याला कोणी अडवणार नाही, नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही.

"सांगायला काय जातंय त्यांचं!" सासूबाई फणकारल्या.

टायरवाली तरी शिकायला गेली. सरावासाठी नवऱ्याला जखमी म्हणून आडवं केलं, तर पठ्ठ्या चक्क घोरायला लागला! हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. पण तिने नेमकं ते उचललं. जखमीला हातपाय धरून ओढायचं नाही, मान हलू द्यायची नाही, पाणी पाजायचं नाही.

आणि एका दुपारी मालाचा टेम्पो वळणावर कलंडला. तरणाताठा ड्रायव्हर बाहेर फेकला गेला, पण पाय गाडीखाली अडकला. माणसं धावली. दोघांनी त्याला काखेत धरलं, एकाने पाण्याची बाटली उघडली.

"सूनबाई, आत ये!" सासूबाईंचा हात शटरवर.

"आई, त्याच्याही घरी कोणी वाट बघत असेल की!" म्हणत ती जॅक घेऊन सुटली.

"हात काढा! ओढलात तर पाय जाईल त्याचा! पाणी नको! तू मान धर, तू रुग्णवाहिका बोलाव!"

तिने जॅक सरकवला आणि दांडा मारायला घेतला. पण गाडी वर येईना. उलट जॅकच मातीत रुतायला लागला! तो पोरगा किंचाळला. रोजच्या सिमेंटच्या फरशीची सवय, आणि इथे भुसभुशीत माती. "अगं बये, खाली फळी कोण घालणार?" तिने स्वतःलाच झापलं.

तेवढ्यात अबोल नवऱ्याने दुकानाची लाकडी पाटी उचकटली आणि असा ओरडला, "सरका रे!" की माणसं नुसत्या आश्चर्यानेच बाजूला झाली. पाटीवर जॅक बसला. गाडी जरा उचलली की खाली ठोकळा, पुन्हा जरा, पुन्हा ठोकळा. पाय मोकळा झाला. जखम दाबून धरत ती रुग्णवाहिकेत चढली, आणि दवाखान्यातही पोराला आत नेईपर्यंत तिने हात काढला नाही.

मग समोर हवालदार आला. तिला भाऊजींच्या चकरा आठवल्या.

"तुम्ही आणलंत? शाब्बास! थांबायचं नसेल तर जा, ताई. नाव सांगायलाच हवं असं नाही."

ती हलली नाही. पोराचं कळल्याशिवाय कसली घरी जातेय! शेवटी डॉक्टर बाहेर आले. "वाचला. पायही वाचला. ओढला असता तर कापावा लागला असता."

इतक्यात सासूबाई भाऊजींना घेऊन धापा टाकत हजर. सुनेला पोलिसांच्या तावडीतून सोडवायला आल्या होत्या!

"किती चकरा सांगितल्या गं?"

"एकही नाही! आई, अख्खा पाय वाचला त्याचा!" बोलता बोलता टायरवालीला रडूच फुटलं.

भाऊजी मटकन बाकावर बसले आणि डोळे पुसत हसायला लागले. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, कोपरापर्यंत रक्ताने माखलेल्या तिच्या हातांकडे पाहिलं, आणि पदर खोचून हवालदाराकडे वळल्या.

"ही माझी सून. लिहा तिचं नाव!"

"आजी, सक्ती नाही हो."

"तुमची नसेल, माझी आहे! लिहा, आणि चांगलं ठळक लिहा!"