झेंडूची पाकळी आणि जुना अडॅप्टर

दसऱ्याला झेंडूची पाकळी हाताला लागली की बोईसरचे ते प्रकरण समोर उभे राहते आणि माझ्यासारख्या निवृत्त माणसाच्या अंगावर पुन्हा वर्दी चढते!

दसरा नुकताच झाला होता. औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यात भर दुपारी रिअॅक्टरचे कूलिंग अचानक बंद पडले. पाळीवरच्या कामगारांनी धावत जाऊन हाताने व्हॉल्व्ह फिरवले, म्हणून स्फोट टळला. कोणीतरी बाहेरून मोडेमवाटे कारखान्याच्या संगणकात शिरून हा उद्योग केला होता. ज्या सिमवरून मोडेमला कॉल आला ते बनावट नावाचे होते, टॉवर मात्र बोईसरचाच.

संध्याकाळी पोलीस ठाण्यात निनावी फोन आला. आवाज मुद्दाम घोगरा केलेला. "आज छुट्टीपर जो ऑपरेटर है, उसका घर देखो."

हा ऑपरेटर मूळचा मासवण गावचा, वसाहतीजवळ भाड्याच्या खोलीत राहणारा. पासवर्ड त्याला ठाऊक होता, मॅनेजरशी त्याचे नुकतेच वाजले होते आणि झडतीत लॅपटॉप, नेटवर्क अडॅप्टर दोन्ही सापडले. मॅनेजर खूश, आमचे वरिष्ठही खूश. अटक झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी रिमांडसाठी कोर्टात हजर करायचे ठरले.

चौकशीला बसवले तर त्यानेच पहिला प्रश्न टाकला. "साहेब, प्लांटवरची पोरं बरी हायत ना?"

मी चमकलो. कोठडीत आलेला माणूस आधी स्वतःचे बघतो. ठाण्याच्या दारात त्याची बायको उभी होती. ती म्हणाली, "लॅपटॉप पोरीच्या अभ्यासाला हाय. नेट पकडत नव्हता, म्हणून कंपनीच्या ठेकेदारानीच ती नेटची डबी दिली. आमाला त्यातलं काय नाय कळत."

ठेकेदार म्हणजे कारखान्याच्या संगणकांची देखभाल करणारा माणूस. हे मनात ठेवून मी दुसऱ्या दिवशी सकाळीच सायबर विभागाच्या उपनिरीक्षक बाईंना बोलावले. पंचांसमक्ष जप्त लॅपटॉप आणि अडॅप्टर कारखान्याच्या मोडेमशी जोडून पाहिले. दिवा लागला, पण पुढे काही हलेना. बाईंनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केले आणि शेवटी हसल्या.

"सर, कारखान्याचे सॉफ्टवेअर फार जुने आहे. ते एकाच जुन्या जातीचा अडॅप्टर ओळखते, आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, नव्या लॅपटॉपवर चढतच नाही. हा माणूस रात्रंदिवस बसला असता तरी आत शिरू शकला नसता!"

म्हणजे जुना लॅपटॉप आणि जुना अडॅप्टर कोणाकडे तरी होता! जीप थेट ठेकेदाराच्या वर्कशॉपवर घेतली. बाई आणि पंच बरोबरच होते.

"जुना लॅपटॉप? तो कधीच भंगारात दिला, साहेब. चहा घेणार?" ठेकेदाराच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

चहा येईपर्यंत मी नजर फिरवली. कोपऱ्यातल्या टेबलावर दसऱ्याची पूजा अजून मांडलेली होती. मल्टीमीटर, सोल्डरिंगची कांडी, स्क्रू ड्रायव्हर, सगळ्यांना हळदकुंकू. आणि त्यांच्यात एक जुनाट अडॅप्टर! त्याच्या खाचेत झेंडूची पाकळी अडकली होती.

"हा बंद पडलाय," तो घाईघाईने म्हणाला.

"बंद पडलेल्या हत्याराला कुंकू कधीपासून लावायला लागलात?"

त्याची नजर मागच्या लोखंडी कपाटाकडे गेली. मी ते उघडायला लावले. आत जुना लॅपटॉप, झाकणावर ताज्या कुंकवाचे स्वस्तिक. जोडणी केली आणि पडद्यावर कारखान्याच्या कूलिंगचे नियंत्रण उघडले. बाईंनी तर टाळीच वाजवली!

मग तो घडाघडा बोलला. कारखाना नवी यंत्रणा बसवून त्याला काढणार होता. आपल्याशिवाय प्लांट चालत नाही हे त्याला दाखवायचे होते. आळ ऑपरेटरवर जावा म्हणून कामाला न येणारा अडॅप्टर त्याच्या घरी आधीच पोचवला होता आणि तो निनावी फोनही त्यानेच केला होता. कामाचा अडॅप्टर मात्र त्याला ना फेकवला, ना पूजेतून वगळवला. पोलिसांशी तो बेधडक खोटे बोलला, पण आपल्या हत्याराशी त्याला खोटे वागता आले नाही.

त्याच दुपारी कोर्टात अहवाल दिला. ऑपरेटर सुटला आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर गेला.

पुढच्या दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा झाली. रायफली, काठ्या यांच्याबरोबर बेड्याही मांडलेल्या होत्या. ऑपरेटरच्या हातात घातलेल्या बेडीला कुंकू लावताना माझे बोट थांबले. अडॅप्टर हरेक लॅपटॉपला चालत नाही. बेडी मात्र कोणाच्याही मनगटाला चालते.