पाठीवरची भोकं

शिंप्याची पोर पाठांतरात पटाईत. युद्धकथेवरच्या प्रश्नाला तिनं गाईडमधलं उत्तर जसंच्या तसं उतरवलं: शूर सैनिकांनी छातीवर गोळ्या झेलल्या. बाईंनी वही परत केली. "हे गाईडवाल्याचं झालं. तुला काय वाटलं?"

पोरगी हिरमुसली, पण मोठी जिद्दीची! धडा पुन्हा वाचताना, मेलेल्याचा कोट दुसऱ्या सैनिकाला दिल्याच्या ओळीवर ती अडली. घरी येऊन विचारलं, "बाबा, लढाईच्या वेळी तुम्ही सैनिकांचे कोट रफू करायचात ना? भोकं छातीवर असायची?"

शिलाई मशीन थांबलं. "पाठीवरचीच जास्त. पळताना पडलेली. पोरंच होती गं ती."

तिनं कोऱ्या पानावर लिहिलं, 'मला वाटतं, ते घाबरले होते.' पुढचं उत्तर कुठल्याच गाईडमध्ये नव्हतं.