पगडीच्या पेटीतला पंप

आबा पोतनिसांनी मला फसवलं. धारच्या तळ्याच्या बांधावर बसून, माझा हात हातात घेऊन त्यांनी मला शब्द दिला होता आणि तो मोडला. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, असं मला काही जणांनी सांगितलं. मी त्यांना म्हटलं, फसवलं तेव्हा ते चांगले जिवंत होते.

ज्यांनी आबांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. उंच, किडकिडीत माणूस. पांढरं धोतर, वर खाकी बुशकोट आणि काखेत एक लाकडी पेटी. त्यांचं घराणं जुन्या दरबारातलं. दरबार गेला, पगडी कुणा भाऊबंदाने नेली आणि आबांच्या वाट्याला पगडीची रिकामी पेटी आली. आतल्या लाल मखमलीवर त्यांनी डास मारायचा पंप ठेवला होता. पुढे डबी, मागे दट्ट्या, घरोघरी असतो तसलाच पत्र्याचा. "पेटी रिकामी ठेवू नये, उंदरं बाळंत होतात," असं ते मोठ्या गंभीरपणे सांगत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते धारच्या एका तेलगिरणीत. तेव्हा देवासला कारखाने वाढत होते आणि वीज सारखी जायची. मी जुने जनरेटर घ्यायचो, नीट करून देवासला विकायचो. साताऱ्याकडून एकटा आलो होतो, भंगार तोलण्यापासून सुरुवात केली होती, आणि माल पाडून मागण्यात माझा हात कुणी धरत नसे. त्या गिरणीतल्या जनरेटरला टर्बो होता. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारी चक्री. ती इंजिनात जास्त हवा कोंबते आणि इंजिनाचं बळ वाढतं. पण आत काजळी साचली की सगळं अडतं. गिरणीवाल्याचं इंजिन काळाकुट्ट धूर ओकत होतं. मी म्हटलं, "शेठ, हे मेलंय. भंगाराच्या भावात देऊन टाका." शेठ जवळजवळ कबूल झाले होते.

कोपऱ्यातून आवाज आला, "मेलं नाही. छाती भरलीय त्याची."

गिरणीतून निवृत्त झालेले आबा जुन्या सवयीने येऊन बसले होते. त्यांनी पेटी उघडली. पंपाच्या डबीत गाळलेलं पाणी आणि थोडं स्पिरिट भरलं. इंजिन चालू करून तापू दिलं, हवेच्या नळीचं तोंड मोकळं केलं आणि एक फवारा सोडला. मग थांबले. मग दुसरा. दुपारचं ऊन झरोक्यातून तिरपं येत होतं, त्या फवाऱ्यात क्षणभर रंग दिसायचे आणि इंजिन ते रंग आत ओढून घ्यायचं. त्या खोलीत इतका आवाज होता की कानाशी ओरडलेलं ऐकू येत नव्हतं, तरी मला तिथे शांत वाटलं. आबांचे ओठ हलत होते. बाहेर धुराड्यातला धूर काळ्याचा करडा झाला, करड्याचा पातळ झाला, आणि शेवटी लिंबाच्या फांद्या त्यातून स्वच्छ दिसू लागल्या.

माझा सौदा मोडला. बाहेर येऊन मी त्यांच्यावर तडकलो. "तुमचं काय जात होतं गप्प बसायला?"

"जिवंत पोराला मेलं म्हणता, आणि मी गप्प बसू?" मग माझ्याकडे नीट पाहत म्हणाले, "नाव काय?"

"सदाशिव."

"घरी काय म्हणतात?"

"घरी कुणी नाही. आई सदबा म्हणायची."

"मग झालं. चला सदबा, चहा घेऊ."

देवासला मला लहानमोठे सगळे 'शेठ' म्हणायचे, नाहीतर 'भिया', म्हणजे तिकडचं भाऊ. सदबा म्हणून हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. पण मी हाकेला भुलणारा नव्हतो. मला ती विद्या हवी होती आणि ती माझ्या एकट्याकडे हवी होती. टर्बो खोलून साफ करायचा तर कारखाना अंधारात बसतो. चालू इंजिनात सफाई करणारा माणूस माळवा पट्ट्यात दुसरा नव्हता.

तळ्याच्या बांधावर आमचा सौदा झाला. पैसे आबांना नको होते. शेवटी म्हणाले, "दर रविवारी जेवायला यायचं."

"दर रविवारी? माझा धंदा आहे आबा. महिन्यातून एकदा."

"तीनदा."

"दोनदा. आणि ही विद्या दुसऱ्या कुणाला द्यायची नाही."

"दोनदा तर दोनदा," आबा म्हणाले. "घासाघीस छान करता. आमच्या घराण्यात कुणाला जमली असती तर पगडी राहिली असती." आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

माझी बाजू मी पाळली. इंदूरला बस बदलून, पावसात, लग्नसराईच्या गर्दीत, तापातसुद्धा गेलो. आबांच्या पत्नी पूर्वीच गेलेल्या. मुलगा इंदूरला, नातवंडं हिंदी शाळेत. ती सुट्टीत आली की 'दादाजी' म्हणत, आणि आबा मराठी बोलू लागले की एकमेकांकडे बघून हसत. आबा स्वतः साखरभात करायचे. जेवण झालं की ओसरीवर आम्ही न बोलता बसायचो. लांबून पिठाच्या चक्कीचा ठेका यायचा आणि आबा डोळे मिटून म्हणायचे, "तिला जरा खोकला आहे." मला झोप यायची. जागेपणी कुणावर विश्वास न टाकणारा मी, त्या ओसरीवर घोरायचो म्हणे.

विद्या त्यांनी मला शिकवली. पाणी घाईने सोडलं तर इंजिन ठेचकाळतं. काजळीचे खडे सुटले तर चक्रीची पाती मोडतात. ती भुकटी होऊनच उतरली पाहिजे. "झोपलेल्या पोराच्या मुठीतून खेळणं काढतात ना," आबा सांगत, "तसं काढायचं. त्याला कळता कामा नये." दोन फवाऱ्यांत किती थांबायचं, हीच खरी गोम.

"तुम्ही ओठांत काय मोजता?" मी विचारलं होतं.

"मोजत नाही. पाळणा म्हणतो. आमच्या मातोश्रींनी रचलेला. एका ओळीला एक फवारा, कडवं संपलं की विसावा. शिकवू?"

"माझ्याकडे घड्याळ आहे."

"घड्याळानेही होतं," आबा म्हणाले आणि पेटी पुसू लागले.

घड्याळाने झालंच. माझं नाव झालं, कारखान्यांतून बोलावणी येऊ लागली. मग ती हळूहळू कमी झाली. मला वाटलं, वीज सुधारली असेल. धारच्या ओसरीवर आबांच्या पेटीला कधी रस्त्याची ताजी धूळ दिसायची. मी विचारलं तर म्हणायचे, "म्हातारा माणूस, हवा खायला जातो."

एका हिवाळ्यात आबा झोपेतच गेले. मी खांदा दिला.

पुढे काही दिवसांनी देवासच्या एका कारखान्यात काम मागायला गेलो. जनरेटरवरचा ऑपरेटर माळव्यातलाच, गजानंद नावाचा. मला ओळखत नव्हता. म्हणाला, "भिया, सफाई तो हम खुद कर लेते हैं." आणि खुंटीवरचा डास मारायचा पंप काढून दाखवला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "किसने सिखाया?"

"धार वाले आबा ने. पेटी लेके बस से आते थे. इधर के सब कारखानों में सिखा गए. पैसा-वैसा कुछ नहीं, बस एक शर्त, गाना याद करो. कहते थे, घर में अब कोई गाने वाला नहीं."

"कौन सा गाना?"

इंजिन बंद होतं. खोलीत तेलाचा वास आणि दुपार. गजानंदने डोळे मिटले, पंप पोटाशी धरला, आणि ज्या भाषेतलं त्याला अवाक्षर कळत नव्हतं, त्या भाषेत गाऊ लागला:

"हळूच ओढा दोरी, बाई, हळूच ओढा दोरी,
दमून आली घरी आमुच्या इवलीशी स्वारी,
सदबाराया नीज आता, बाहेर ऊन भारी."

तो गात राहिला. इतकी वर्षं ते ओठ माझ्यासमोर हलत होते आणि इंजिनाच्या आवाजात मला एक शब्द ऐकू आला नव्हता.

"ये सदबा कौन है?" मी विचारलं.

"होंगे कोई भगवान, मराठी लोगों के," गजानंद म्हणाला. "जिसके लिए गाओ उसका नाम आता है, ऐसा बताते थे. हमने पूछा, इंजन का नाम डाल दें? बोले, नहीं, ये नाम मत बदलना."

मी तिथून निघालो आणि इतर कारखान्यांत चौकशी केली. आबांचा पाळणा सगळे पाठ करून बसले आहेत, नाव न बदलता. कुणी माळवी, कुणी पंजाबी, एक उदयनगरच्या जंगलातला. वीज गेली की हातात पंप घेतात आणि मला झोपवतात.

इंदूरला त्यांच्या मुलाकडे गेलो, जाब विचारला. तो बिचारा म्हणाला, "काका, मला तर ते गाणं येतपण नाही." पेटी मात्र त्याने माझ्या हातात दिली. पंप आतच होता.

तर माझी तक्रार अशी आहे. विद्या माझी एकट्याची ठरली होती, ती गावभर वाटली गेली. माझं नाव मला न विचारता घेतलं गेलं, आणि ते आता परत मागताही येत नाही. सौद्यातली माझी बाजू मी आजही पाळतो. महिन्यातून दोन रविवार धारला जातो, बांधावर बसतो, पेटी शेजारी ठेवतो. आबा, शब्द तुम्ही दिला होतात. तुमच्या वतीने कुणीतरी समोर यावं आणि याचं उत्तर मला मराठीत द्यावं.