अकरा दिवसांची वीट

मुकुंदराव वैरागडे बालाघाटला सरकारी बांधकाम खात्यात उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ अभियंता, होते. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी विटेच्या बाबतीत एकच नियम पाळला. विकणारा जो ढीग दाखवतो, त्याला हात लावायचा नाही. भट्टीवाला पुढे लालबुंद, खणखणीत माल रचून ठेवायचा. मुकुंदराव मान हलवायचे आणि सरळ मागे जायचे. अर्धीकच्ची पिवळट वीट तिथेच सापडायची. "वैरागडे साहेब आले का विटाच घाबरतात," असं नथ्थू भट्टीवाला चिडून म्हणायचा. मुकुंदरावांना ते मनातून आवडायचं.

२००३ साली भोपाळहून एक पत्र आलं. सरकारी इमारतींसाठी शक्य तिथे राखेच्या विटा घ्याव्यात, म्हणजे शेताची वरची माती वाचेल आणि वीजकेंद्रांची राखही कामी येईल, असं त्यात होतं. बालाघाटात अशा विटा करणारा एकच माणूस होता, भरवेलीचा तेजराम मेश्राम. खाणीतलं काम सुटल्यावर त्याने दाब देणारं एक मशीन आणलं होतं. तांदूळ घेऊन नागपूरकडे जाणारे ट्रक परत येताना रिकामे असायचे, त्यांत तो तिकडच्या वीजकेंद्राची राख भरून आणायचा. त्या राखेत चुना मिसळून तो आणि त्याची बायको जिजाबाई विटा पाडायचे. रामपायली रस्त्यावरच्या एका गावात शाळेच्या चार खोल्या व्हायच्या होत्या. नमुना पास झाला तर विटा तेजरामच्या घ्यायच्या, असं ठरलं होतं. नमुना घ्यायला मुकुंदराव गेले.

अंगणात पाण्याच्या टाक्याजवळ करड्या विटांचा ढीग होता, वर ओली पोती. मागे कुंपणाला लागून दुसरा ढीग, कोरडा. झाकलेलं आधी पाहावं, म्हणून मुकुंदरावांनी पुढच्या ढिगावरचं पोतं उचललं.

"साहेब, ह्या नका घेऊ," तेजराम घाईघाईने म्हणाला. "ह्या अकरा दिवसांच्या हायेत, अजून पानी पिऊन राह्यल्या. मागच्या घ्या, त्याईले महिना झाला."

"विटेले वय असते का रे?"

"असते ना साहेब. भट्टीतली वीट जलमतेच म्हातारी. हे लेकरू हाये, पानी पाजलं का वाढते."

जिजाबाई पदर तोंडाला लावून हसली. मुकुंदरावही हसले, पण त्यांचं हसणं वेगळं होतं.

"तेहतीस वर्षं झाली मले. मालक म्हनते हे नको ते घ्या, तवा मी हेच घेतो."

"साहेब, आयका तं खरं…"

"आयकलं. बारा विटा बांध याच ढिगातल्या."

तेजरामने बायकोकडे पाहिलं आणि मुकाट्याने विटा पोत्यात भरल्या. जाताना मुकुंदरावांनी दोन विटा एकमेकींवर आपटून पाहिल्या. भाजलेल्या मातीसारखा टणत्कार झाला नाही, ठप्प असा आवाज आला. वीट कच्चीच आहे, अशी त्यांची खात्री पटली.

प्रयोगशाळेत विटा निम्म्या ताकदीवरच फुटल्या. अहवालाच्या छापील कागदावर रंग, आवाज, पाणी शोषणं, ताकद असे रकाने होते. वीट कधी पाडली याचा रकाना नव्हता. मातीच्या विटेला तो लागतच नाही, भट्टीतून निघाली की ती तयार. मुकुंदरावांनी 'अस्वीकृत' लिहून सही केली. तेजरामचं नाव यादीतून गेलं. शाळेला नथ्थूच्या विटा लागल्या. त्यांच्यासाठी नथ्थूने धानाचं एक चांगलं बांधीचं शेत कंबरभर खणलं, तेही मुकुंदरावांनी जाता-येता पाहिलं.

पाच महिन्यांनी खात्याने त्यांना जबलपूरला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. शिकवणारा तरुण पोरगेलासा होता. त्याने राखेची वीट हातात धरली आणि म्हणाला, "सबसे पहले पूछिए कि ईंट कितने दिन की है। अट्ठाईस दिन से पहले जाँच की, तो समझिए जाँच की ही नहीं।"

बाकीच्यांनी वहीत लिहून घेतलं. मुकुंदरावांचा पेन हातातच राहिला. न विचारता कोणीतरी त्यांना ते सांगितलं होतं. अकरा दिवस हा आकडाही त्यांना स्पष्ट आठवत होता.

परत आल्यावर त्याच आठवड्यात खात्याला पत्र लिहून चूक कळवायची, असं त्यांनी ठरवलं. लिहिलं नाही. निवृत्तीला आठ महिने होते. घरी पत्नी प्रेमलताबाई विचारायच्या, "अहो, जेवन काहून जात नाही तुम्हाले?" ते पोटाचं कारण सांगायचे. भरवेलीला काम निघालं की दुसऱ्याला पाठवायचे. असे तीन महिने गेले. मग नवीन वर्षाची यादी करायची वेळ आली. जुना शेरा तसाच राहिला तर तेजरामचा माल कुठल्याच सरकारी कामावर जाणार नव्हता. तेव्हा कुठे त्यांनी हिंदीत अर्ज लिहिला. राखेच्या विटांचा नियम मला माहीत नव्हता, नमुना चुकीच्या वेळी घेतला गेला, सबब शेरा रद्द व्हावा.

मोठे साहेब अर्ज वाचून म्हणाले, "वैरागडेजी, जाते-जाते अपने ही हाथ से दाग लगाओगे?"

"लगा हुआ है, साहब," मुकुंदराव म्हणाले. साहेबांनी सही केली.

अर्जाची एक प्रत घेऊन ते दुपारी भरवेलीला गेले. अंगणात राख नव्हती, टाकं कोरडं होतं. मशीनच्या जागी सिमेंटचा चौथरा तेवढा उरला होता. तेजराम खाटेवर बसून सायकलची चेन लावत होता. त्याने उठून खाट झटकली. "या साहेब."

"मशीन?"

"इकून देल्लं गोंदियावाल्याले. मी आता एका मिस्त्रीच्या हाताखाली जातो."

मुकुंदरावांनी कागद पुढे केला. तेजरामने तो सावकाश वाचला आणि बायकोला सांगितलं, "साहेब म्हनते, आपल्या विटा खराब नोहत्या."

"ते तं मले मालूम हाये," जिजाबाई म्हणाली. तिने पाण्याचा तांब्या ठेवला.

तेजराम कागदाकडेच पाहत होता. "साहेब, एक विचारू? इथं लिवलं का नियम मालूम नोहता. पन मी तं तुमाले सांगतलं होतं. काहून नाही आयकलं?"

उत्तर तयार नव्हतं असं नाही. नवीन माल, वरून हुकूम, कामाची घाई, सगळं ओठांवर आलं होतं. मुकुंदरावांनी ते गिळलं.

"मले वाटलं तू खोटं बोलून राह्यला."

तेजरामने कागद खाटेवर ठेवला. जिजाबाईने विचारलं, "हे कागदात हाये काय?"

"नाही."

"मंग अर्धंच लिवलं तुमी. लोक म्हनतीन, मेश्रामनं सांगतलं असतं तं साहेबाले समजलं असतं. सारी चूक आमच्याच अंगावर."

मुकुंदरावांचा चेहरा उतरला. ती म्हणत होती त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि तीन महिने अर्ज मनात घोळवताना त्यांनी नेमकं तेवढंच वगळलं होतं. त्यांनी खिशातला पेन काढून, गुडघ्यावर कागद ठेवून सहीच्या खाली लिहिलं: निर्माता ने ईंटों की आयु स्वयं बताई थी। मैंने उस पर विश्वास नहीं किया।

"आफिसातल्या कागदावर बी?" जिजाबाईने विचारलं.

"हौ. तिथं बी."

पाण्याचा तांब्या उचलून ते सगळं पाणी प्यायले. तेजरामने त्यांना फाटकापर्यंत सोडलं, नमस्कार केला, पण 'पुन्हा या' म्हणाला नाही. कार्यालय बंद व्हायला तासभर होता. मुकुंदरावांनी स्कूटर बालाघाटच्या दिशेने वळवली. मोठ्या साहेबांना फाईल परत मागताना काय सांगायचं, ते त्यांना अजून सुचलं नव्हतं.