माशाल्ला म्हणायला बंदी

बाई पुटपुटायची, एवढंच मला खटकायचं. बाकी खालांना नाव ठेवायला जागा नव्हती. बुवापाड्यात आमच्या भिंतीला लागूनच त्यांची खोली; सगळी चाळ त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. एकट्या, विधवा, हात स्वच्छ, आणि माझ्या पोरीला सांभाळायला तयार. मी अंबरनाथच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. बाळंतपणाची रजा संपली आणि सुपरवायझरने निरोप धाडला, सोमवारी आली नाहीस तर दुसरी ठेवतो. म्हणजे खाला नाहीत तर नोकरी नाही, इतकं सरळ होतं.

पण ते पुटपुटणं! बोलता बोलता अल्लाचं नाव आलं की खालांचा आवाज खाली जायचा, 'सुब्हानहू व तआला' असं काहीतरी भरभर म्हणायच्या आणि मग पुढचं बोलायच्या. पोरीकडे पाहिलं की 'माशाल्ला'. त्यात ते त्र्याण्णव साल. मुंबईत जे व्हायचं ते नुकतंच होऊन गेलेलं. आमच्या चाळीत काही झालं नव्हतं, पण जो तो दुसऱ्याच्या खिडकीकडे बघून बोलायचा.

एकदा सरळ विचारलंच. त्या हसल्या. "अरे बेटी, वो पाक है, सबसे ऊंचा है, इतनाच बोलती हूं. उसका नाम ऐसेही कैसे लेने का?"

"आणि ते माशाल्ला?"

"मतलब, उसने चाहा तो हुआ. मेरी नजर का उसमें कुछ नहीं."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, ही सांगते ते खरं कशावरून? संशयाला औषध नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

मग पोर वर्षाची होत आली तशा पालेगावहून सासूबाई आल्या. दारातूनच त्यांच्या कानावर पडलं. "काय पुटपुटते गो ती पोरीवर? मंतर घालते! तिला सांग, माझ्या नातीसमोर एक अक्षर म्हणायचं नाही. नाहीतर पोर मी गावाला नेते." आता या बाईने जन्मात सासऱ्यांचं नाव तोंडातून काढलेलं नाही. रेशनच्या दुकानात विचारलं तर माझ्याकडे बोट करायची, हिला विचारा म्हणून. पण त्यांच्यापुढे बोलणार कोण? अट घालून त्या गावाला परतल्या. मला पोर हातची जाऊ द्यायची नव्हती आणि नोकरीही सोडायची नव्हती. काळजावर दगड ठेवून खालांना सांगितलं.

त्यांनी निवडायला घेतलेल्या तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "ठीक है. तेरी बच्ची है."

त्यानंतर खाला गप्पच झाल्या. पूर्वी संध्याकाळी पोर घ्यायला गेले की दिवसभराचं पुराण ऐकवायच्या. आता "खाया, सोयी", संपलं. मला वाटलं, राग धरला. मग वाटलं, रागाच्या भरात पोरीकडे लक्ष तरी देतात का? घरी आणून मी तिचे हातपाय उलटसुलट करून बघायची, डोकं हुंगायची. पोर टुणटुणीत. तरी मन खाई. एकदा जेवणाच्या सुट्टीत धावत येऊन त्यांच्या खिडकीतून डोकावलेसुद्धा. खाला पोरीला वरणभात भरवत होत्या, तोंड मात्र मिटलेलं.

मग एका सकाळी नळावर समोरची शेजारीण म्हणाली, "काय तुरुतुरु चालते गं तुझी पोरगी! भिंतीला हात न लावता!"

"कोण चालते?"

"अगं बया, आठवडा झाला की! तुला नाही माहीत?"

घरी तर ती माझ्या कडेवरून खाली उतरायची नाही. माझं डोकंच सटकलं. हंडा तिथेच टाकून मी खालांच्या दारात. "पोर चालायला लागली आणि मला सांगितलं नाहीत? आई कोण आहे तिची, मी का तुम्ही?"

त्यांचे डोळे भरून आले. "कैसे बताती? माशाल्ला बोले बिना तारीफ करूं, और बच्ची को मेरीच नजर लगी तो? तूने बोलने को मना किया. तो अच्छी बात कोई बोलीच नहीं मैं."

मी उंबऱ्यातच बसले. म्हटलं, "बोला खाला. काय म्हणायचं ते म्हणा. सासूबाईंचं मी बघते."

मग त्या बोलायला लागल्या. माशाल्ला, कावळ्याला हाका मारते. माशाल्ला, रेडिओ लागला की बसल्या बसल्या नाचते. माशाल्ला, तुझी जुनी ओढणी कवटाळून झोपते. माशाल्ला, पहिलं पाऊल टाकलं ते दाराकडे, तुझी यायची वेळ झाली होती. मी घळाघळा रडत होते आणि म्हणत होते, अजून सांगा.