कालच्या बोटीचं चित्र

आमच्या बेटावर ऑक्टोबरात वारा सुटला की तो मार्चपर्यंत थांबत नाही. माणसं वाकून चालतात आणि बोटी आपापल्या वेळा बदलतात. सकाळी साडेसातची बोट कधी सव्वासहालाच निघून जाते, तर कधी निघतच नाही. माझे वडील सांगायचे, की पूर्वी बोटीची वेळ देवळाच्या भोंग्यावरून ओरडून सांगत, आणि वारा ती उचलून शेजारच्या बेटावर नेऊन टाकायचा. तिथली चार माणसं आमच्या बोटीसाठी येऊन उभी, आणि आमची घरात चहा पीत. वडिलांचं निम्मं खोटं धरा, तरी निम्मं उरतंच.

म्हणून मग धक्क्यावर फळा आला, आणि फळ्याबरोबर बीयू आली. तिचं पूर्ण नाव औ बीयू. अंगानं सुकवलेल्या माकूळ मासळीसारखी, चिवट. तिकिटाच्या खिडकीत ती एकतीस वर्षं बसली. रोज पहाटे फळा पुसायची आणि खडूनं ठसठशीत वेळ लिहायची. एकदा पावसानं फळा धुऊन निघाला, तेव्हा ही छत्री घेऊन तीन तास शेजारी उभी राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तोंडानं वेळ सांगत राहिली. मी तिला म्हटलं होतं, अगं, घरी जा, एवढी कोण बोट चुकवतंय. तर म्हणाली, चुकवणारा कधी सांगून येत नाही.

पुढे खिडकी बंद झाली. वेळा आता नगरपालिकेच्या वेबपानावर येतात, रोज पहाटे पाचला. बीयू निवृत्त झाली आणि म्हाताऱ्यांच्या दुपारच्या जेवणाचं केंद्र चालवू लागली. तिच्या हातच्या भोपळ्याच्या शेवया खायला मी पोट बिघडलेलं असतानाही गेलो आहे. पण वेळा सांगायची सवय काही सुटली नाही. ती पहाटे ते पान वाचायची आणि आमच्या फोनवरच्या गटात हातानं लिहायची. गटात आम्ही चौऱ्याऐंशी जण, सगळे साठीच्या पुढचे.

तुम्ही म्हणाल, त्या पानाची लिंकच का नाही पाठवली? पाठवली होती. कुणी उघडेल तर शपथ. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या मागोंग शहरातून एक पोलीस आला आणि देवळाच्या अंगणात तासभर सांगून गेला, की निळ्या अक्षरांना बोट लावाल तर फसाल. आम्ही शाळेत कधी ऐकलं नाही एवढं त्याचं ऐकलं. तेव्हापासून निळं अक्षर दिसलं की फोन उपडा ठेवायचा. चित्र मात्र आम्ही बघतो. चित्रावर आमचा जीव.

आता जिनजूचं सांगतो, कारण सगळं तिच्यासाठीच चाललं होतं. जिनजू बीयूची शाळेतली मैत्रीण, पहिलीपासून एका बाकावरची. तिची मूत्रपिंडं गेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, तेही मागोंगला, म्हणजे सकाळच्या बोटीनंच. एक खेप हुकली की पाय सुजतात, दुसऱ्या दिवशी श्वास लागतो. तिचा नवरा तिएनशंग तिला नेतो. माणूस प्रेमळ, पण डोक्यानं दगडी भिंत.

गेल्या थंडीत बीयूच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका पहाटे तिनं सहा दहाचं सहा चाळीस लिहिलं. नशिबानं तो रविवार होता. पण ती दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी मला म्हणाली, "आपे, फळ्यावर मी कधी चुकले नव्हते."

आपे म्हणजे थोरले काका. बेटावर निम्मे लोक मला तसंच म्हणतात.

शस्त्रक्रिया व्हायला दोन महिने होते. तेवढ्यात तिनं काय केलं असेल? केंद्रातल्या संगणकावर एक एआय मदतनीस होता, जेवणाची यादी करायला दिलेला. हा नुसता उत्तरं देणारा नव्हे, सांगितलेलं काम जाऊन करून येणारा. पण पानाचं चित्र काढणं त्याला येत नव्हतं. त्यासाठी इंटरनेटवर वेगळी सेवा मिळते. तिला पानाचा पत्ता द्यायचा, ती त्या पानाचा फोटो काढून परत पाठवते. बीयूनं ठरवलं, की या दोघांची सोयरीक जुळवायची. मदतनीसानं रोज पाचनंतर सेवेकडे जायचं, चित्र घ्यायचं आणि गटात टाकायचं.

सोयरीक जुळवायला एक गुप्त किल्ली लागते, चाळीसेक अक्षरांची. ती सेवा बीयूला देणार आणि बीयूनं मदतनीसाला द्यायची, म्हणजे तो कुणाचा माणूस हे सेवेला कळतं. मदतनीसानं तिला बजावलं होतं, ही कुणाला दाखवू नका. बीयूनं ती जपून उचलली आणि आमच्या गटात चिकटवली. चुकून. आम्हा त्र्याऐंशी जणांना वाटलं, काहीतरी शुभ मंत्र आहे. कुणी हात जोडले, कुणी अंगठा दाखवला. एकीनं तर तैनानला राहणाऱ्या बहिणीलाही पाठवला. बीयूनं ती किल्ली रद्द करून नवी घेतली, आणि आठवडाभर आम्हाला शेवयांत भोपळा कमी वाढला.

पहिलं चित्र आलं त्यात बोटच नव्हती. वर नगराध्यक्षांचा हसरा फोटो, खाली परवानगी मागणारी एक पट्टी, आणि मधला तक्ता कोरा. बीयूनं मदतनीसाला शांतपणे समजावलं, जसं खिडकीत नव्या मुलींना समजवायची. पान उघडल्याबरोबर फोटो काढू नको, तक्ता भरायला दोन क्षण लागतात, तोवर थांब. परवानगीची पट्टी बाजूला सार. नगराध्यक्ष नकोत, फक्त तक्ता घे. रुंदी फोनएवढी ठेव आणि अक्षर मोठं. दुसऱ्या दिवशी सव्वापाचला असं सुरेख चित्र आलं, की तिएनशंगनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी कौतुक केलं. म्हणाला, आता दिसतंय.

तीन आठवडे कसं छान चाललं. मग मी आलो.

आमच्यात पहाटे उठून एकमेकांना 'सुप्रभात'चं चित्र पाठवायची रीत आहे. कमळ, सूर्य, कधी चहाचा पेला. ज्याचं चित्र आलं नाही त्याच्या दारावर शेजारी थाप मारतात, म्हणून ही रीत कुणी मोडत नाही. माझं चित्र पाचाच्या ठोक्याला जातं. त्या मंगळवारी बीयूचं बोटीचं चित्र मला फार आवडलं. म्हटलं, यावर एक गुलाबी कमळ पाहिजे. लावलं. खाली 'सुप्रभात' लिहिलं. आणि बुधवारी पहाटे पाचला गटात सोडून दिलं.

चित्रावर तारीख नव्हती. पानावर ती नगराध्यक्षांच्या पट्टीतच होती. फोटो कापला तेव्हा तारीखही गेली, आणि हे ना बीयूच्या लक्षात आलं, ना मदतनीसाच्या. मंगळवारची बोट साडेसातची. बुधवारी वारा वाढणार म्हणून ती सहा वीसला होती. तिएनशंगनं पाच वाजता माझं कमळ पाहिलं, साडेसात वाचलं आणि फोन खिशात घातला. सव्वापाचला खरं चित्र आलं, ते त्याच्या खिशात आलं.

सव्वासातला दोघं धक्क्यावर, आणि धक्का रिकामा.

एक मासेमारीची नाव मागोंगला बर्फ आणायला निघाली होती, तिनं जिनजूला घेतलं. नाव लाटांवर उडत होती. ती पोचली तेव्हा नखशिखांत भिजलेली, ओठ निळे. उपचार झाले, दुपारच्या बोटीनं परत आली. तोवर बीयू धक्क्यावरच्या बाकावरून उठली नाही. केंद्रात लोक म्हणू लागले, यंत्राचं खूळ बंद करा. मी गेलो आणि सांगितलं, की चूक माझी. मला वाटलं, आता ही माझी सालटी काढते.

ती म्हणाली, "आपे, कमळ सुंदर होतं. बोट कालची होती."

मग तीच म्हणाली, "पान आपलं आपण बदलतं. फळा मी पुसत होते. चित्र कोण पुसणार?"

गुरुवारी ती माझ्याकडे चहाला आली. माझी बायको सवयीनं भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं कालचं पान फाडत होती. तेच पान, ज्यावर मोठा आकडा, खाली चांद्र तिथी आणि आज काय करावं, काय टाळावं ते असतं. बीयू पेला हातात धरून तिच्याकडे बघत राहिली, चहा निवून गेला. बेटावर घर मोडकं असेल, पण हे पान नाही असं घर नाही.

दुपारी तिनं मदतनीसाला नवं काम सांगितलं. नुसता तक्त्याचा फोटो नको. आधी तू स्वतः एक छोटं पान रच, वर दिनदर्शिकेसारखा आजचा आकडा आणि तिथी, शनिवारी हिरवा, रविवारी लाल, आणि त्याखाली बोट. मग त्या पानाचं चित्र सेवेकडून करून घे. आणि आम्हाला जेवताना सांगितलं, की भिंतीवरचं पान आणि फोनवरचं पान सारखं असेल तरच घराबाहेर पाय टाकायचा.

तिएनशंग म्हणाला, "माझ्या भिंतीवर अजून शनिवारच आहे."

जिनजू म्हणाली, "बघा. याला दिवस कुठलाही चालतो, मी मात्र वेळेवर तयार लागते."

शुक्रवारी पहाटे वारा घरावर धडका देत होता. मी मुद्दाम कमळ पाठवलं नाही, तर दुसऱ्या तिघांनी गुरुवारच्या बोटीवर गुलाब आणि मोर लावून चित्रं पाठवली होती. रीत ती रीत. मी साडेपाचलाच धक्क्यावर जाऊन उभा राहिलो, बीयू माझ्याआधी आलेली. बोट सहा दहाला सुटायची होती. सहाला पाच कमी असताना वळणावर दोघं दिसली. जिनजू पुढे, आणि मागे तिएनशंग, एका हातात फोन, दुसऱ्या हातात शनिवारपासूनची फाडलेली सहा पानं घट्ट धरून. वाऱ्यात टाकवेनात म्हणून तशीच आणलेली.

बीयूनं जिनजूचा हात धरून तिला फळीवरून आत नेलं, खिडकीजवळच्या जागी बसवलं, गळ्याभोवतीचा पंचा नीट केला आणि उतरून आली. दोर सुटला. बोट वळून दिसेनाशी होईपर्यंत ती उभी होती. मग म्हणाली, "चला आपे, भोपळा चिरायचाय."