भूकंपाचं केंद्र आमाला कावून न्हाई?

भूगोल शिकवून वनमालाबाईंचे केस पिकले, पण गावाच्या डोक्यात काही उजेड पडला नाही, असं त्या स्वतःच म्हणायच्या आणि म्हणताना त्यांचा आवाज चढायचा. नांदूरघाटाच्या अलीकडच्या एका वाडीवर जिल्हा परिषदेची शाळा, तिथल्या त्या शिक्षिका. पोरं त्यांना भ्यायची, गाव त्यांना मान द्यायचं आणि त्यांचं कुणी ऐकायचं नाही.

दिवाळीच्या सुमारास निम्मं गाव ऊसतोडीला गेलं की मागे राहिलेल्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह सुरू व्हायचं. जागा विजयसिंहदादांची. दादा म्हणजे गावचे बडे बागायतदार आणि पुढारी. त्यांनी मोठ्या मनाने आपली जुनी खोली दिली होती: दगड-मातीच्या भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद. समोरच सरकारी पैशातून बांधलेलं, हलक्या पत्र्याचं नवंकोरं सभागृह होतं, पण ते कुलूपबंद. उद्घाटनाला साहेबांची तारीख मिळत नव्हती ना!

यंदा शेजारच्या जिल्ह्यात भूकंप झाला. वाडीतही मांडणीवरची भांडी खाली आली. पोरं शाळेत होती म्हणून बरं, कारण वसतिगृहाच्या माळवदातून भसकन माती गळली ती स्वयंपाकाच्या छबुबाईंच्या परातीत. ते बघून वनमालाबाईंना किल्लारीचा भूकंप आठवला. तेव्हा त्या शाळकरी होत्या. त्यांची मावशी तिकडे अशाच माळवदाखाली गेली होती. भूकंप माणूस मारत नाही, डोक्यावरचं घर मारतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

त्या तडक दादांच्या ओसरीवर गेल्या. ओसरी तापलेलीच होती, पण भलत्याच कारणाने.

“बाई, आता तुमीच सांगा,” दादा म्हणाले. “कापूस खरेदी केंद्र त्या शेजारच्या जिल्ह्याकडं, परीक्षा केंद्र त्यांच्याकडं. आन् आता टीव्हीवाला म्हणतो, भूकंपाचं केंद्र बी त्यांच्याकडंच! भांडी आमचीबी पडली का न्हाई? मग केंद्र आमाला कावून न्हाई?”

“निवेदन द्यावं लागतंय,” सरपंच धोंडीराम म्हणाला.

वनमालाबाईंनी कपाळावर हात मारला. मग पदर खोचला आणि ओसरीचाच वर्ग केला. “दादा, केंद्र मंजूर होत नसतं, सापडतं. पावसात फुगलेलं दार ढकलतो तेव्हा काय होतं? बराच वेळ हलत नाही, आणि सुटलं की चौकटीसकट हादरतं. खालचे खडक तसेच एकमेकांवर रेटलेले असतात. ताण साठतो, जुन्या भेगेपाशी खडक एकदम सरकतात आणि लाटा उठतात. जिथं सरकले त्याच्या बरोबर वरची जमीन म्हणजे केंद्र.”

“पण त्यांना कसं कळलं, तितंच सरकलं म्हणून?” धोंडीरामने शंका काढली.

“यंत्रं असतात. एक लाट जलद येते, दुसरी रेंगाळत येते. दोन्हींत किती फरक पडला त्यावरून अंतर कळतं. तीन ठिकाणची अंतरं जुळली की जागा सापडते.”

“आन् ते रिश्टर? त्यांच्याकडं जास्त दाखवलं आसंल!”

“रिश्टरचा आकडा साऱ्यांना एकच! डीजेचं बटण एकदाच फिरवतात. जवळच्याची छाती हादरते, शिवारातल्याला नुसतं गुणगुणल्यासारखं वाटतं. आकडा डीजेचा, हादरा ज्याचा त्याचा. कळलं?”

“कळलं की,” दादा समाधानाने म्हणाले. “म्हंजी डीजेच त्यांच्याकडं ठेवला. पक्षपात हाय सगळा.”

गाढवापुढे वाचली गीता! बाईंना रडावं की हसावं कळेना. भूगोल गेला खड्ड्यात, त्यांना फक्त सभागृहाची किल्ली हवी होती. तीही त्यांनी मागितली. “उद्घाटनाबिगर कुलूप निघत न्हाई, बाई,” एवढंच उत्तर मिळालं. पुढे रोज शाळा सुटली की त्या ओसरीवर जायच्या, आणि रोज दादा निवेदनाचा नवा मसुदा वाचून दाखवायचे. इकडे पोरं माळवदाखालीच निजत होती.

शेवटी एके दिवशी त्यांचा संयम सुटला. “हे बघा दादा, कुलूपबंद इमारतीला कुणी केंद्र देतं का? आधी सभागृह वापरात आणा. पोरं झोपवा तिथं. मग मागा केंद्र!”

तसं पाहिलं तर हे खोटंही नव्हतं. कुलूपबंद इमारतीला भूकंपाचं केंद्र कुणी देत नाही, उघड्या इमारतीलाही देत नाही. पण दादांचे डोळे चमकले आणि दिवस मावळायच्या आत कुलूप निघालं. छबुबाईंनी चूल हलवली, पोरांनी वळकट्या हलवल्या. दारावर फ्लेक्स लागला: ‘नियोजित भूकंप केंद्र’, खाली हात जोडलेले दादा. जन्मभर पोरांच्या चुका खोडल्या आणि आता ही एवढी मोठी चूक आपल्याच तोंडून, दादांच्या फोटोसकट! त्या फ्लेक्सखालून जाताना बाई मान वर करत नसत.

घटक चाचणी झाली. वसतिगृहातली वैष्णवी वर्गातली हुशार मुलगी, आईबाप कारखान्यावर. तिने लिहिलं होतं: ‘भूकंपाचे केंद्र म्हणजे जिथे ऊसतोड कामगारांची मुले झोपतात ते सभागृह.’

“वैष्णवी!” बाई कडाडल्या. “फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं ना मी? साफ चूक आहे हे!”

वैष्णवी उभी राहिली. “चूक हाय, बाई? म्हंजी ते केंद्र न्हाईच? मग आमाला परत माळवदाखाली जावं लागतंय का?”

साऱ्या वर्गाचे डोळे बाईंवर लागले. बाईंना स्वतःचा, दादांचा, साहेबांच्या तारखेचा, साऱ्यांचाच संताप आला.

“कुठंही जायचं नाही,” त्या म्हणाल्या. “खडक सरकतात त्याच्या वरची जागा म्हणजे केंद्र. हेच बरोबर उत्तर, हेच लिहायचं. आणि खबरदार, ते कुणी दादांना सांगितलंत तर!”